नदी, तलाव आणि विहिरींची मोजणी: सांगली-साताऱ्यात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी भूजलाची मोजणी करते. वर्षातले निम्मे दिवस जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडच्या विहिरींवर जातात. उरलेले बरेचसे कृष्णाकाठी, पाण्याचे नमुने घेणाऱ्या सहकाऱ्यांबरोबर. विहिरीत टेप सोडली की पाच मिनिटांत चार माणसं जमतात आणि प्रश्न सुरू होतात. मिरजेकडे जे विचारतात तेच दहिवडीतही. बांधावर उभ्याउभ्या दिलेलं उत्तर अर्धवट राहतं, म्हणून ती सगळी इथे नीट लिहून काढली आहेत.

तुम्ही नेमके कोणाचे? दर वेळी वेगळीच गाडी येते.

खरं आहे, कारण पाणी एक असलं तरी मोजणारे बरेच आहेत. नदीची पातळी आणि प्रवाह केंद्रीय जल आयोग मोजतो, राज्याचा जलसंपदा विभागही मोजतो. विहिरी आणि बोअर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे, त्यांच्याबरोबर केंद्रीय भूजल मंडळाचेही स्वतःचे निरीक्षण-बिंदू आहेत. नदी किती घाण झाली हे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ तपासतं. याशिवाय महाविद्यालयांचे विद्यार्थी आणि शिक्षक असतात. समोरच्याला ओळखपत्र जरूर विचारा. आम्हाला त्याचा राग येत नाही.

आज मोजताय, उद्या मोटारीची वीज तोडायला येणार ना?

हा प्रश्न मनात प्रत्येकाच्या असतो, तोंडावर थोडेच विचारतात. निरीक्षण विहिरीची नोंद विहिरीच्या मालकाविरुद्ध वापरण्यासाठी घेतलेली नसते. ती एका मोठ्या परिसराची खूण असते. त्या पाणलोटात पाणी किती मुरलं, किती उपसलं, पुढच्या उन्हाळ्यात टंचाई कुठे येणार आणि टँकर कोणत्या गावांना लागतील, याचा अंदाज त्यावरून बांधतात. ऑक्टोबरची पातळी मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहतात. तुमच्या गावची नोंद खोटी किंवा तुटलेली असेल, तर टंचाईच्या यादीत गावाची बाजू मांडायला हातात काहीच उरत नाही. म्हणून ‘साहेबांनी विचारलं तर पाणी जास्त सांग’ किंवा ‘कमी सांग’ यातलं काहीही करू नका.

विहिरीतलं पाणी मोजता कसं? दगड टाकून आवाज ऐकला तरी कळतं की.

अंदाज येतो, नोंद होत नाही. आम्ही टेप वापरतो. टेपच्या टोकाला पाणी लागलं की वर बझर वाजतो. साधी टेप असेल तर खालच्या टोकाला खडू फासायचा. ओला झालेला भाग वेगळा दिसतो, तो वजा करायचा. त्याआधी मोटार किमान काही तास बंद हवी. उपसा चालू असताना मोजलं तर विहिरीची दमलेली पातळी मिळते, खडकातली खरी पातळी मिळत नाही. म्हणून आम्ही सकाळी लवकर येतो आणि आल्या आल्या पहिला प्रश्न विचारतो, ‘दादा, मोटार कधी बंद केली?’

टेप नेहमी एकाच जागेवरून सोडायची. कठड्यावर रंगाची एक खूण केलेली असते, तो आमचा मोजणीबिंदू. त्या खुणेपासून पाण्यापर्यंतचं अंतर घ्यायचं आणि त्यातून कठड्याची उंची वजा करायची, म्हणजे जमिनीपासूनची खोली मिळते.

हे किती महत्त्वाचं आहे ते मला जत तालुक्यातल्या एका विहिरीने शिकवलं. मे महिना होता. टेप सोडली, आकडा लिहिला, पुढच्या गावाला गेले. संध्याकाळी जुन्या नोंदींशेजारी तो मांडला तर पातळी एकदम अर्ध्या मीटरने जास्त खाली. आजूबाजूच्या तीन विहिरी जागच्या जागी होत्या. दुसऱ्या दिवशी परत गेले. मालकिणीला विचारलं, ‘मावशी, विहिरीचं काही काम काढलं होतं का?’ त्या म्हणाल्या, ‘पोरं खेळत्यात म्हणून कठडा वाढवला की गं दिवाळीत.’ नव्या सिमेंटवर कुणीतरी जुन्यासारखीच लाल खूण करून ठेवली होती. पाणी हललंच नव्हतं, कठडा वर गेला होता. तेव्हापासून मी दर वेळी कठड्याची उंचीही मोजते. ती बदललेली नसली तरी मोजते.

वर्षातून चारच वेळा का येता? रोज का नाही?

जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर ही भूजल यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींची ठरलेली वेळ आहे. ऑक्टोबरात पावसाने किती भरलं ते दिसतं, मे महिन्यात किती रिकामं झालं ते दिसतं, मधल्या दोन नोंदी उतार किती वेगाने झाला ते सांगतात. काही बोअरमध्ये आता स्वयंचलित यंत्रं बसवली आहेत, ती दिवसातून अनेकदा नोंद घेतात. नळीच्या तोंडावर कुलूपबंद डबी दिसली तर ती तशीच राहू द्या. आतला संवेदक पाण्यात लोंबत असतो; कुणी उचलून पाहिला आणि हातभर वर ठेवला तर पुढच्या सगळ्या नोंदी हातभर चुकतात.

पावसाळ्यात विहीर काठोकाठ, संक्रांतीला तळ दिसतो. पाणी जातं कुठे?

याचं उत्तर आपल्या खडकात आहे. सह्याद्रीपासून माणदेशापर्यंत आपण बेसाल्टवर बसलो आहोत, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर. वर माती, मग मुरूम, त्याखाली मांजऱ्या, म्हणजे भोकाभोकांचा जाळीदार खडक, मग काळा पाषाण. दोन लाव्ह्यांच्या मध्ये कुठे कुठे गेरूसारखा लाल थर. पाणी साठतं ते झिजलेल्या मुरमात, खडकाच्या फटींत आणि जाळीदार थरांत. काळा पाषाण जवळजवळ कोरडाच.

बेसाल्टच्या पाणी देणाऱ्या थरातसुद्धा १०० लिटर खडकातून हाताला येणारं पाणी साधारण १ ते ३ लिटर. हा एकच आकडा लक्षात ठेवला तर आपल्या भागातल्या पाण्याचं बरंच गणित सुटतं. २ टक्के धरा. एका हेक्टरखाली पातळी १ मीटरने उतरली म्हणजे २ लाख लिटर पाणी निघालं. आता उसाला सरीने एक पाणी द्यायचं, ७ सेंटिमीटर धरलं तरी हेक्टरी ७ लाख लिटर. त्यातलं थोडं परत मुरतं, तरीही एका पाळीत पातळी दोन-तीन मीटर खाली जाऊ शकते. उलट बाजूही खरी: फक्त २० मिलिमीटर पाणी खोलवर मुरलं तर तीच पातळी १ मीटर चढते. आपली विहीर लवकर भरते आणि लवकर रिती होते ती यामुळे. काठोकाठ भरलेली विहीर बघून मन सुखावतं, पण भांडं उथळ आहे.

शेजाऱ्याला २०० फुटांवर पाणी, मला ७०० फूट जाऊन धुरळा. पाणाड्याने तर नारळ उभा करून दाखवला होता.

पैसे गेल्याचं दुःख मी फार जवळून पाहिलंय, त्यामुळे हे काळजीपूर्वक सांगते. बेसाल्टमधली फट सलग चादरीसारखी नसते. वीस पावलांवर ती असते आणि इथे नसते. खोल गेलं की पाणी सापडेलच असंही नाही. बहुतेक पाणी वरच्या झिजलेल्या थरात आणि त्याखालच्या थोड्याफार फटींत असतं. त्याखाली पाचशे फुटांपुढे लागलंच तर ते जुनं साठलेलं पाणी असतं, एक-दोन हंगामांत संपतं आणि परत भरायला फार वर्षं लागतात.

नारळ, कडुनिंबाची फांदी, तांब्याची तार यांच्या मागे शास्त्रीय आधार नाही. अनुभवी पाणाड्याचं कधी जमतं, कारण त्याने आयुष्यभर जमिनीचा उतार, झाडं आणि जुन्या विहिरी पाहिलेल्या असतात. त्या नजरेला मी मान देते, नारळाला नाही. भूवैज्ञानिक जमिनीत वीज सोडून थरांचा रोध मोजतो आणि त्यावरून झिजलेला थर किती जाड आहे ते सांगतो. तोही शंभर टक्के खात्री देऊ शकत नाही, आणि जो देतो त्याच्यापासून सावध राहा. सातव्या बोअरचा विचार करत असाल तर आधी गावातल्या चालू आणि बंद पडलेल्या सगळ्या बोअरची खोली एका कागदावर लिहा. तो कागद मोठमोठ्या यंत्रांपेक्षा जास्त बोलतो.

वाळव्याकडे तर पाणी वर येतंय. मग टंचाईची ओरड कशाची?

एका जिल्ह्यात दोन्ही आहे, हेच सांगलीचं दुखणं. जत, आटपाडीत वर्षाला जेमतेम ४००-५०० मिलिमीटर पाऊस आणि पाताळात गेलेलं पाणी. कृष्णाकाठच्या वाळवा, पलूस, मिरज भागात वर्षानुवर्षं उसाला मोकाट पाणी, खाली चिकण काळी माती, निचरा नाही. तिथे भूजल मुळांपर्यंत चढतं. उन्हाने पाणी उडून जातं, क्षार वर राहतो, आणि जमिनीवर पांढरी खपली दिसू लागते. हीच ती क्षारपड. तिथेही आम्ही छोट्या नळ्या पुरून पातळी मोजतो, फक्त भीती उलटी असते: पाणी दीड-दोन मीटरच्या वर आलं की धोका. जतच्या माणसाला वाटतं, ‘असलं दुखणं आम्हाला द्या.’ पण पांढऱ्या पडलेल्या रानात बी उगवत नाही हे पाहिलं की तो गप्प होतो.

सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फूट पाणी म्हणजे नदी ४० फूट खोल का?

नाही. तो गेजवरचा आकडा आहे. मापपट्टीचा शून्य एका ठरावीक उंचीला बांधलेला असतो, तिथून वर किती ते वाचायचं. तळ त्या शून्याच्या वरही असू शकतो, खालीही, आणि दर पुरात तो बदलतो. शून्य मात्र बदलत नाही, म्हणूनच जुने-नवे पूर एकमेकांशी ताडता येतात. आयर्विन पूल १९२९ साली खुला झाला. तिथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं होतं. आपल्याकडचं पोरगंसुद्धा पावसाळ्यात ‘आज किती फूट?’ असं विचारतं. मोजणीचा आकडा इतका घरोघरी पोहोचलेला मी दुसरीकडे क्वचितच पाहिला.

क्युसेक आणि टीएमसी एकदा नीट सांगा.

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. हा वाहण्याचा दर. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, सुमारे २,८३२ कोटी लिटर. हा साठा. कोयनेचं धरण १०५ टीएमसीचं. धरणातून १ लाख क्युसेक सलग २४ तास सोडलं तर ८.६४ टीएमसी पाणी जातं. बातमीत ‘५० हजार क्युसेक टीएमसी’ असं काही वाचलंत तर ते सोडून द्या.

कोयनेतून पाणी सोडलं की सांगलीत कधी येतं?

ठरलेला तास नाही. नदी आधीच भरून वाहत असेल तर लाट लवकर पुढे सरकते. कोरड्या पात्रात ती पसरत, मुरत, रेंगाळत येते. शिवाय सांगलीची पातळी एकट्या कोयनेवर ठरत नाही. कराडला प्रीतिसंगमावर कोयना मिळते, ब्रह्मनाळजवळ येरळा, आणि सांगलीच्या जरा खाली हरिपूरला वारणा. वारणा तुडुंब असेल तर कृष्णेचं पाणी पुढे सरकत नाही, सांगलीत फुगवटा चढतो. त्याखाली नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. म्हणून पावसाळ्यात आम्ही एक आकडा बघत नाही. महाबळेश्वर, नवजाचा पाऊस, धरणांचे विसर्ग, कराडचं गेज, वारणेचं गेज, सगळं शेजारीशेजारी मांडतो.

पुरात नदीचा वेग मोजता तरी कसा? जवळ जायचं कसं?

पुलावरून. नदीची रुंदी पट्ट्यांत वाटतात. प्रत्येक पट्ट्यात खोली मोजतात आणि जड मासोळीसारखं वजन लावून प्रवाहमापक खाली सोडतात. त्याच्या वाट्या पाण्याने फिरतात. किती सेकंदांत किती फेरे झाले त्यावरून वेग. वेग वर जास्त, तळाशी कमी असतो, म्हणून खोलीच्या दोन दशांश आणि आठ दशांशावर मोजून सरासरी घेतात. पाणी उथळ असेल तर एकदाच, सहा दशांशावर. आता ध्वनिलहरी सोडणारं यंत्र छोट्या तराफ्यावर बांधून नदीवर आडवं ओढतात आणि काही मिनिटांत सगळा छेद मिळतो. पण ओंडके, मेलेली जनावरं, जलपर्णी वाहत येत असेल तर काहीच पाण्यात सोडता येत नाही. मग तरंगत्या वस्तूला दोन खुणांमध्ये किती वेळ लागला ते घड्याळावर मोजायचं आणि आलेल्या वेगाला साधारण ०.८५ ने गुणायचं. अशा वेळी अंधारात, पावसात, पुलावर उभं राहून घेतलेल्या नोंदीवर पुढची पन्नास वर्षं पूररेषा आखल्या जातात.

‘शंभर वर्षांतला पूर’ म्हणता, मग २००५, २०१९, २०२१ असे लागोपाठ कसे आले?

हा शब्दच फसवा आहे. लाल पूररेषा ही शंभर वर्षांतून एकदा, निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, असं आपण म्हणतो. त्याचा खरा अर्थ, तेवढा पूर कुठल्याही एका वर्षी येण्याची शक्यता शंभरात एक किंवा शंभरात चार. यंदा आला म्हणून पुढच्या वर्षी सुट्टी नाही. आणि ही शक्यता जुन्या नोंदींवरून काढलेली असते. पाऊस पडण्याची रीत बदलली, पात्र अरुंद झालं, तर ती पुन्हा काढावी लागते.

पूर कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे येतो का?

यावर राज्य सरकारने नेमलेल्या नंदकुमार वडनेरे यांच्या समितीने २०१९ च्या पुरानंतर अभ्यास केला आणि अलमट्टीला मुख्य कारण मानलं नाही. अतिवृष्टी आणि पूरक्षेत्रातल्या अडथळ्यांवर बोट ठेवलं. कृष्णाकाठच्या अनेकांना ते पटलेलं नाही, आणि धरणाची उंची वाढवण्याच्या चर्चेने काळजी आणखी वाढली आहे. माझं मत इतकंच: सांगलीपासून धरणापर्यंतच्या प्रत्येक गेजची तासातासाची नोंद दोन्ही राज्यांनी खुली ठेवली पाहिजे. फुगवटा कुठवर येतो हे तीच सांगू शकते.

नदीत मासे मेले की तुम्ही दोन दिवसांनी येता. तोवर सगळं वाहून जातं.

ही तक्रार रास्त आहे, आणि मलाही ती सलते. मासे बहुतेक वेळा प्राणवायू संपल्याने मरतात. उन्हाळ्यात पाणी कमी, तापलेलं, जवळजवळ थांबलेलं. तशात सांडपाणी किंवा मळीचं पाणी आलं की जिवाणू ते कुजवताना पाण्यातला सगळा प्राणवायू खाऊन टाकतात. लाट पुढे गेली की पाणी परत बरं दिसतं.

नमुन्यातला प्राणवायू काठावरच रसायनांनी बांधून ठेवावा लागतो. काचेची ३०० मिलिलिटरची बाटली पाण्याखाली धरून, बुडबुडा न राहू देता भरायची. दोन रसायनं घालायची, बूच लावायचं, उलटसुलट हलवायचं. बाटलीत तपकिरी गाळ बसला तर प्राणवायू आहे. जितका गडद, तितका जास्त. एका एप्रिलच्या पहाटे, नाल्याच्या तोंडाखाली घेतलेल्या बाटलीत माझ्यासमोर पांढराशुभ्र गाळ बसला. पांढरा म्हणजे शून्य. शंभर पावलं वर, नाला मिळण्याआधी घेतलेली बाटली चांगली तपकिरी होती. दोन्ही बाटल्या पायरीवर शेजारी ठेवल्या तेव्हा तिथल्या कोळीदादांना काही समजावून सांगावं लागलं नाही.

आंघोळीच्या पाण्यात लिटरला किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू हवा आणि बीओडी, म्हणजे घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू, ३ मिलिग्रॅमच्या आत. पहाटेचा नमुना महत्त्वाचा, कारण रात्रभर शेवाळही प्राणवायू वापरतं आणि पहाटे तो सर्वांत कमी असतो. मासे तडफडताना दिसले तर लगेच प्रदूषण मंडळाला कळवा, वेळ लिहा, फोटो काढा, नाल्याच्या वरचं आणि खालचं पाणी दोन स्वच्छ बाटल्यांत भरून बर्फात ठेवा. तुमची बाटली कायदेशीर नमुना ठरत नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते नक्की कळतं.

तलावांचं काय?

तलावाचं मुख्य काम गाळ मोजण्याचं. होडीतून खोली घेत फिरायचं आणि जुन्या नकाशाशी ताडायचं. पाण्याचा गढूळपणा काळी-पांढरी चकती सोडून बघतात, ती दिसेनाशी होते ती खोली लिहायची. कास आणि वेण्णा तलाव लोकांचं पिण्याचं पाणी आहेत, फिरायला जाल तेव्हा काठावर प्लास्टिक सोडू नका.

आमच्या बोअरचं पाणी काचेसारखं आहे, टीडीएसही कमी. मग तपासायचं कशाला?

टीडीएस मीटर फक्त विरघळलेले क्षार किती ते सांगतं, कोणते ते सांगत नाही. ऊस, द्राक्षांना भरपूर युरिया घातलेल्या भागात नायट्रेट बघितलंच पाहिजे. लिटरला ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा. त्याला चव नाही, वास नाही, आणि उकळून ते जात नाही. उलट पाणी आटतं आणि ते घट्ट होतं. लहान बाळाच्या दुधात असं पाणी वापरू नये.

जिवाणूंसाठी एच-टू-एसची बाटली अंगणवाडीत किंवा ग्रामपंचायतीत मिळते. पाणी भरून ठेवा. एक-दोन दिवसांत काळी झाली तर पाणी दूषित. मग टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकायचं आणि दुसऱ्या दिवशी ओटी टेस्ट करायची, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायचं. प्रयोगशाळेत नमुना द्यायचा असेल तर निर्जंतुक बाटली त्यांच्याकडूनच घ्या. कोल्ड्रिंकची धुतलेली बाटली चालत नाही, हे सांगून गावोगावी पाण्याचे नमुने घेणाऱ्या आमच्या जलसुरक्षकांचा घसा बसतो.

भूकंपाआधी विहिरीचं पाणी खालीवर होतं म्हणतात, खरं का?

कोयना-वारणा भागात शास्त्रज्ञांनी खास बोअर घेऊन हे पाहिलं आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या मोठ्या भूकंपानंतर हा भाग जगभर अभ्यासला जातो. भूकंपाच्या वेळी पातळी हलल्याच्या नोंदी आहेत, पण त्यावरून आधी इशारा देणं आजही जमत नाही. गोठणे इथे तीन किलोमीटर खोल छिद्रही घेतलं आहे, ते भूकंपाच्या अभ्यासासाठी. तिथून पाणी काढण्याचा काही संबंध नाही.

मी माझ्या विहिरीची नोंद स्वतः ठेवू शकतो का?

जरूर ठेवा. साधी टेप, टोकाला वजन, आणि एक वही. दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला, सकाळी, मोटार सुरू करण्याआधी मोजा. जमलं तर घरी पर्जन्यमापक बसवा आणि सकाळी साडेआठला पाऊस लिहा. हवामान खात्याचीही तीच वेळ. तारीख, पातळी, पाऊस, आदल्या दिवशी मोटार किती तास चालली, एवढ्या चार रकान्यांत सगळं येतं. एखादा महिना चुकला तर अंदाजाने भरू नका, रकाना कोरा सोडा. आणि वहीच्या पहिल्या पानावर, सगळ्यांच्या आधी, कठड्याची उंची लिहा. पोरं खेळतात म्हणून तो वाढवलात, तर तारखेसकट नवी उंचीही.